गावात राहता का वस्तीवर

चौतीस वर्षं मी बीडच्या एका दुकानात फ्रीज, टीव्ही, कूलर, मिक्सर विकले. फ्रीजच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझा पहिला प्रश्न एकच असायचा. गावात राहता का वस्तीवर? किती लिटरचा पाहिजे, कोणता रंग पाहिजे, हे नंतर. बजेट तर सगळ्यात शेवटी.

आज कुठल्याही शोरूममध्ये जा. काच आपोआप सरकते, गार वारा अंगावर येतो, निळा टी-शर्ट घातलेलं एक पोरगं पुढं येतं आणि विचारतं, "सर, बजेट काय आहे आपलं?" माझं तर डोकंच फिरतं. अरे बाबा, घरात माणसं किती, फ्रीजमध्ये ठेवणार काय, लाईट कसली आहे, हे आधी विचार ना. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर विचारतो का, कितीचं औषध देऊ म्हणून?

दिवाळीच्या अंकात माणसानं जरा हसतखेळत लिहावं, हे मला कळतं. दोन गमतीच्या गोष्टी सांगणारही आहे. पण लिहायला बसलो तो केशरबाईंच्या पायासाठी. त्यांच्या पायाचं जे झालं त्याला आमचं दुकान कारण आहे, आणि मीही आहे. हे कुठंतरी लिहून ठेवायचं होतं.

आधी तो प्रश्न समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडं घर गावात असेल तर गावठाणाची लाईट मिळते. ती जाते, येते, पण दिवसभर असते म्हणायला हरकत नाही. घर शेतात असेल, म्हणजे वस्तीवर, तर लाईट शेतीच्या लायनीवरून घेतलेली. ती पुरी येते आठ तास. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. बाकीच्या वेळेला तारेत जे काही उरलेलं असतं त्यावर लोक एखादा दिवा लावतात. त्यात तीनपैकी एक फेज गेला की शेजारचा शेतकरी मोटरीला कंडेन्सर लावतो आणि दोन फेजवर पाणी ओढतो. बिचाऱ्याचा ऊस वाळत असतो, त्याला कोण दोष देणार? पण त्याची मोटर सुरू झाली की आसपासच्या चार वस्त्यांचं व्होल्टेज बसतं. अशा ठिकाणी कोणता फ्रीज चालेल आणि कोणता चालणार नाही, हे कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. ते कळायला वस्तीवर जावं लागतं.

आणि आमचे थोरले शेठ आम्हाला पाठवायचे. मी कामाला लागलो तेव्हा पहिलं वर्षभर त्यांनी मला एक वस्तू विकू दिली नाही. टेम्पोत बसायचं, माल उतरवायचा, मिस्त्रीबरोबर उभं राहायचं. "ज्याच्या घरी माल जाणार त्याचं घर बघितलंच न्हाई, तर तू विकणार काय, डोंबल?" असं म्हणायचे. वर्षभर मी शिव्या घातल्या त्यांना मनातल्या मनात. मराठवाड्यातली शे-दीडशे स्वयंपाकघरं बघून झाली, मग एक दिवस म्हणाले, "उद्यापासून गल्ल्याच्या ह्या बाजूला उभा राहा."

त्या वर्षाचा फायदा कसा झाला ते सांगतो. तेलगावकडचे एक पुढारी आले होते. मोठं बागायत, मोठी गाडी, बरोबर चार माणसं. दुकानातला सगळ्यात मोठा, दोन दारांचा फ्रीज बघितला आणि म्हणाले, हा उचला. मी विचारलं, "साहेब, स्वयंपाकघराचं दार किती रुंद आहे?"

"बंगला हाय माझा," ते म्हणाले. "झोपडी न्हाई. मला दाराची रुंदी विचारतो का बे तू?"

मी म्हणालो, बंगल्याचंच दार विचारतोय. बरोबरची माणसं हसायला लागली, ती त्यांच्याकडं बघून गप्प झाली. शेवटी त्यांनी घरी फोन लावला, कुणीतरी टेप घेऊन मोजलं. दार चार बोटं कमी भरलं. तेव्हा म्हणाले, "मग दार पाडू का फ्रीज बारका घेऊ?" फ्रीज बारका घेतला. पुढं त्यांनी अख्खी भावकी आमच्या दुकानात आणली आणि प्रत्येकाला माझी ओळख करून देताना एकच सांगायचे, "ह्या माणसानं मला फ्रीज दिला न्हाई."

दुसरं गिऱ्हाईक ऊसतोडीला जाणाऱ्यांचं. दसरा झाला की घराला कुलूप, ते उघडणार सहा महिन्यांनी. नव्या फ्रीजचं दार घट्ट लावून जायची ही माणसं, धूळ जाऊ नये म्हणून. परत येऊन उघडलं की आत काळी बुरशी, आणि वास असा की घरात उभं राहवत नाही. मग म्हणायची फ्रीज खराब निघाला. मी विकतानाच सांगायचो, जायच्या आधी दोन दिवस बंद करून उघडा ठेवा, कोरडा पुसा आणि दारात दाणे काढलेलं कणीस आडवं घालून वरनं सुतळी बांधा. दाराला फट राहिली पाहिजे. एक बाई कारखान्यावरून आल्या आल्या, घरी जायच्या आधी दुकानात आल्या होत्या. कणीस किती मोठं घालायचं होतं ते विसरल्या म्हणून सहा महिने काळजी करत होत्या. लई हसलो होतो आम्ही.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फ्रीजमधला दिवा. त्याच्यासारखा लबाड कुणी नाही. दिव्याला थोडी लाईट पुरते, कॉम्प्रेसरला पुरत नाही. व्होल्टेज बसलं की कॉम्प्रेसर दोनदा घुरघुरतो आणि गप्प होतो, दिवा मात्र छान लागतो. म्हणून वस्तीवरच्या गिऱ्हाइकाला मी दोन गोष्टी करून दाखवायचो. फ्रीजच्या अंगाला बाहेरून हात लावायचा, गरम लागला तर आत गार होतंय. आणि वरच्या खान्यात वाटीभर पाणी गोठवून त्या बर्फावर एक खडा ठेवायचा. सकाळी खडा वर दिसला तर ठीक. खडा बुडालेला दिसला म्हणजे रात्रीत बर्फ वितळून पुन्हा गोठलाय. हे सांगायला मला तीन मिनिटं लागायची. औषध ठेवणारं गिऱ्हाईक असेल तर त्यांच्याकडून दोनदा वदवून घ्यायचो.

थोरले शेठ गेले. धाकट्या शेठनी दोन वर्षांत दुकानाचं शोरूम केलं. चांगलं केलं, मी नावं ठेवत नाही. पण माणसं? एकेक कंपनी आपापलं पोरगं आणून उभं करते. त्याचा पगार कंपनीचा, त्याचा टी-शर्ट कंपनीचा, आणि तो माल दाखवणार तोही फक्त त्याच कंपनीचा. चार महिन्यांत ते पोरगं दुसऱ्या शहरात. तोवर नवीन येतं. टेम्पोत कुणी बसत नाही. वस्ती कुणी बघितलेली नाही. डब्यावरचा कागद वाचून दाखवायचा आणि हप्ता किती बसेल ते मोबाईलवर काढून द्यायचं, झालं शिक्षण. मी पोरांना दोष देत नाही. त्यांना कुणी शिकवलंच नाही, आणि ज्याला येत होतं त्याला दाराजवळ खुर्ची टाकून बसवलं.

ती खुर्ची माझी. काम काय, तर येणाऱ्याला नमस्कार करायचा आणि आत पाठवायचं. जुन्या गिऱ्हाइकांना ओळखीचा चेहरा दिसला की बरं वाटतं, असं धाकट्या शेठचं म्हणणं. सुरुवातीला मी गप्प बसलो नाही. एका गिऱ्हाइकाला मी आपला नेहमीचा प्रश्न विचारला आणि त्याला म्हणालो, हे तुमच्या वस्तीवर चालणार नाही. तो विचार करून येतो म्हणाला आणि गेला. धाकट्या शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"काका," ते म्हणाले, "तुमच्या प्रश्नांनी सेल तुटतोय. तुम्ही मध्ये बोलत जाऊ नका."

मी म्हणालो, "बरं."

एवढंच बोललो. त्या एका शब्दाचा मला आजही राग येतो.

त्यानंतर होळीच्या आधी केशरबाई आल्या. पाटोद्याकडं डोंगराच्या कडेला त्यांची वस्ती. पोरगा आणि सून ऊसतोडीला, घरी ह्या, दोन नातवंडं आणि शेळ्या. त्यांच्या घरातला रेडिओ माझ्या हातचा, टीव्ही माझ्या हातचा. गेली काही वर्षं त्यांना साखरेचा आजार आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. आजवर शिश्या ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात ठेवत होत्या आणि ते बरं चाललं होतं. पण दवाखान्यात सांगितलं, उन्हाळा कडक आहे, फ्रीज घ्या. पोरानंही कारखान्यावरून फोन करून तेच सांगितलं.

"भाऊ, फ्रीज घ्यायचाय," त्या दारातच म्हणाल्या. "इंजेक्शनं ठिवायचीत."

मी म्हणालो, "आत जा केशरबाई, पोरं दाखवतील."

"तुमी न्हाई येत?"

"माझं काम आता हितंच."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग खुर्चीकडं बघितलं आणि आत गेल्या. माझ्यापासून बारा-पंधरा पावलांवर त्या उभ्या होत्या. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

पोरगं गोड बोलणारं होतं. मावशी, मावशी करत त्यानं दोन दारांचा, बर्फ न साचणारा फ्रीज दाखवला. म्हणाला, ह्यात तुम्हाला काही करायचंच नाही. आता बर्फ साचत नाही म्हणजे लाईट गेल्यावर आत गारवा धरून ठेवायला काही राहत नाही, हे त्याला कोण सांगणार. केशरबाई मात्र अडाणी नाहीत. शिकलेल्या नसतील, अडाणी नाहीत.

"आमच्याकडं लाईट लई कमीजास्त व्हती," त्या म्हणाल्या.

"हे बघा, इथं लिहिलंय. ह्याला स्टॅबिलायझर लागतच नाही."

त्यांना वाचता येत नाही. त्यांनी त्या चिकटवलेल्या कागदावरून नुसता हात फिरवला. मग जो प्रश्न विचारायला पाहिजे तोच विचारला. "ह्यो चालू हाय का बंद, हे मला कसं कळायचं?"

पोरानं दार उघडलं. "दिवा लागला ना? दिवा लागला म्हणजे चालू."

मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. केबिनच्या काचेतून धाकट्या शेठनी माझ्याकडं बघितलं. आणि मी बसलो. माझ्या तोंडावर कुणी हात ठेवला नव्हता. जाताना त्या म्हणाल्या, "येते भाऊ," आणि मी नमस्कार केला. टेम्पो निघाला तेव्हा तरी मागं धावायचं होतं, दोन वाक्यं सांगायची होती. तेही केलं नाही. मनाशी म्हणालो, मिस्त्री सांगेल बसवताना. हल्ली मिस्त्री जात नाही हे मला माहीत होतं.

पुढचं मी नंतर ऐकलं ते सांगतो. पहिले पंधरा दिवस फ्रीज नीट चालला. मग ऊन वाढलं, चारी बाजूंच्या मोटरी सुरू झाल्या आणि कॉम्प्रेसरनं मान टाकली. केशरबाई सकाळ-संध्याकाळ दार उघडायच्या, दिवा लागायचा, त्या शिशी काढायच्या, इंजेक्शन घ्यायच्या, दार नीट लावायच्या. पाणी त्या माठातलंच प्यायच्या आणि नातवंडांना फ्रीजला हात लावू द्यायच्या नाहीत, औषध आहे म्हणून. भर उन्हाळ्यात पत्र्याखालच्या त्या बंद कपाटात ते औषध दिवसदिवस तापत होतं. शिशी हाताला गार लागत नव्हती का, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, ह्या आजारानं हाताला गारगरम कळतंच कुठं?

शेळ्यांमागं फिरताना बाभळीचा काटा पायात गेला. तोही कळला नाही. पोरगा कारखान्यावरून परत आला, तहान लागली म्हणून त्यानं फ्रीजमध्ये बाटली ठेवली. संध्याकाळी काढली तर ती कोमट. तेव्हा त्याला फ्रीज कळला, आणि आईचा पाय त्यानं नंतर बघितला. जिल्हा रुग्णालयात उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात काट्यानं असं होऊही शकतं. पण साखर एवढी चढली होती की इंजेक्शन घेत होत्या हे त्यांना खरं वाटेना. घेत होत्या हो. एकही चुकवलं नव्हतं.

पाय बरा व्हायला लागल्यावर त्या रिक्षानं दुकानात आल्या. पोरगा बरोबर होता. ज्यानं फ्रीज विकला ते पोरगं केव्हाच दुसरीकडं गेलं होतं. त्याच्या जागी तसाच टी-शर्ट घातलेला दुसरा होता, त्यानं कंपनीचा तक्रारीचा नंबर लिहून दिला. धाकटे शेठ बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, व्होल्टेजमुळं बंद पडला तर ते वॉरंटीत बसत नाही, दुकानाचा ह्यात काही संबंध येत नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "काका, जरा तुम्ही समजावून सांगा त्यांना."

आता मला बोलायची परवानगी मिळाली होती.

मी केशरबाईंसमोर गेलो. काय समजावणार, कपाळ? त्याच म्हणाल्या, "त्या लेकराला मी काई म्हणत न्हाई. त्याला काय ठावं. पण भाऊ, तुमी हितंच बसलेलतात की."

मी म्हणालो, "हो. बसलो होतो."

"ऐकू आलं व्हतं?"

"सगळं आलं होतं."

त्यांचा पोरगा माझ्या अंगावर येईल असं वाटलं. आला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग मी धाकट्या शेठकडं वळलो आणि त्या खुर्चीवर बसल्यापासून पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोललो. दुकानात गिऱ्हाइकं होती, मी पर्वा केली नाही. म्हणालो, "हा फ्रीज परत घ्या आणि वस्तीवर चालणारा द्या, स्टॅबिलायझरसकट. नाही दिलात तर ही बाई ग्राहक मंचात जाईल आणि तिच्या बाजूचा साक्षीदार मी असेन. डब्यावरचा कागद ह्यांना कसा वाचून दाखवला, दिव्याचं काय सांगितलं, सगळं सांगेन. मी गप्प का बसलो तेही सांगेन."

धाकटे शेठ पांढरे पडले. "काका, तुम्ही आपली माणसं," असं काहीतरी म्हणाले. मी म्हणालो, ही पण आपलीच माणसं आहेत, तुमच्या वडिलांच्या वेळेपासूनची. फ्रीज बदलून मिळाला. संध्याकाळी माझाही हिशेब मिटवला, आणि चौतीस वर्षं राबलेला माणूस दहा मिनिटांत घरी गेला. त्याचं मला काही वाटत नाही. मला राग आहे तो ह्याचा, की हे सगळं मार्चमध्ये बोललो असतो तरी एवढंच झालं असतं. नोकरीच गेली असती. आणि ती तशीही गेली.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसून मीच वस्तीवर गेलो. ह्या वेळी एका दाराचा, वर जाड बर्फ धरणारा फ्रीज नेला. स्टॅबिलायझर भिंतीला ठोकला, फ्रीज भिंतीपासून हातभर पुढं ओढला, रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या, म्हणजे लाईट गेली तरी गारवा टिकतो. केशरबाईंना खाटेवरून उठवलं. अंगाला हात लावून बघायला सांगितलं. त्यांच्या हाताला कळेना, तेव्हा गाल लावून बघा म्हणालो. त्यांनी गाल लावला आणि म्हणाल्या, "हाय, ऊन लागतंय." वाटीत पाणी ओतलं, बर्फावर खडा कसा ठेवायचा ते नातीला समजावलं आणि केशरबाईंकडून दोनदा वदवून घेतलं. त्यांनी सगळं केलं. चहा दिला. फ्रीजच्या पोटातून घरघर चालू होती आणि आम्ही ती ऐकत बसलो होतो.

निघालो तशा त्या रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. नको म्हणालो तरी आल्या. अंगठाच नाही म्हटल्यावर चप्पल पायात राहत नव्हती. चार पावलं टाकली की निसटायची, त्या वाकून पुन्हा घालायच्या. तिसऱ्यांदा निसटली तेव्हा त्यांनी दोन्ही चपला हातात घेतल्या आणि त्या तापलेल्या मातीतून, काट्याकुट्यातून तशाच चालायला लागल्या.

मी म्हणालो, "केशरबाई, अनवाणी चालू नका."

त्या थांबल्या. माझ्याकडं वळून बघितलं.

"आता बोलताय व्हय," त्या म्हणाल्या.